वाचनालयात एक टेबल गेमसाठी हवं : नाशिकच्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते. आपल्या वाचनालयात व्हिडिओ गेमसाठी एक टेबल, एक पडदा आणि महिन्यातून एका रविवारची दुपार द्या. चांगले गेम निवडायचे, रीतसर विकत घ्यायचे, लहानमोठ्यांनी एकत्र बसून खेळायचे आणि मग त्यावर बोलायचं. पुस्तकावर चर्चा ठेवतो तशीच ही चर्चा. एवढंच मागणं आहे, पण ते का मागते आहे हे सांगायला थोडी जागा लागेल.

मी अंबडच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरी करते. शहरातल्या एका वाचनालयाची आजीव सभासद आहे आणि शाळेत असल्यापासून गेम खेळते. संध्याकाळी घरी आल्यावर कधी पुस्तक उघडते, कधी कंट्रोलर (गेम चालवायचं दांड्या-बटणांचं यंत्र) हातात घेते, आणि दोन्हींतून मिळणाऱ्या गोष्टींमध्ये मला फार अंतर वाटत नाही. फरक इतकाच, की वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला या शहरात माणसं आणि जागा दोन्ही आहेत. संपवलेल्या गेमबद्दल बोलायला जागाच नाही. कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत गर्दी असते, पण तिथे तासावर पैसे मोजून एकमेकांना हरवायला मुलं येतात. त्यात वाईट काही नाही. मात्र तिथे कोणी गेमच्या गोष्टीबद्दल, त्यातल्या माणसांबद्दल बोलत बसत नाही.

हा विषय मी एका वाचनालयात काढला होता. उत्तर मिळालं, 'इथे मुलं अभ्यासाला येतात, तुम्ही त्यांना मोबाइलचं व्यसन लावणार का?' विचारणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला होता, म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. 'गेम' म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात ते पैसे लावून खेळायचे रमीचे आणि तीनपत्तीचे ॲप. त्यांनी किती घरांत वाटोळं केलं हे आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना (म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) आणि पैशांशिवायच्या गेमना वेगळं काढून मान्यताही दिली. म्हणजे सरकारदरबारी जो फरक झाला, तो आपल्या बोलण्यात अजून झालेला नाही. मी ज्या गेमबद्दल लिहिते आहे ते एकदा विकत घ्यायचे असतात, त्यांना शेवट असतो (किंवा थांबायच्या चांगल्या जागा असतात) आणि ते खेळाडूकडून पुन्हा पुन्हा पैसे काढत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या काही महिन्यांत खेळलेल्या गेमबद्दल सांगते, कारण ही मागणी त्यांच्यातूनच आली आहे.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा गेम २०१८चा आहे, लुकास पोप या एकाच माणसाने केलेला. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज १८०२ साली लंडनहून निघतं आणि बेपत्ता होतं. पाच वर्षांनी ते इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागतं आणि त्यावर जिवंत माणूस एकही नसतो. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक घड्याळ आणि एक जाडजूड वही. घड्याळ मृतदेहाजवळ धरलं की आधी अंधारात शेवटचे काही क्षण फक्त ऐकू येतात, आणि मग मृत्यूचा तो एक क्षण गोठलेल्या अवस्थेत उभा राहतो. त्यातून फिरायचं, बघायचं. जहाजावरच्या साठ माणसांपैकी प्रत्येक जण कोण होता, कसा गेला, कोणाच्या हातून गेला, हे वहीत भरायचं. चित्र सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखं. गोळ्या झाडायच्या नाहीत, घाई नाही, गुण नाहीत. तीन माणसांची माहिती अचूक भरली गेली की मगच वही ती छापील अक्षरांत पक्की करते, त्यामुळे अंदाज ठोकून पुढे जाता येत नाही.

आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. नोकरी सगळी छपाईतले दोष आणि आकडे तपासण्यात गेली. एकदा चहाला आले आणि माझ्या मागे उभे राहून बघत राहिले. पडद्यावर खलाशांच्या झोपायच्या जागेचं दृश्य होतं, ओळीने टांगलेल्या झोळ्या. मी चेहरे बघत होते. काका म्हणाले, 'चेहरे सोड. झोळीवर नंबर आहेत बघ. तुझ्या त्या यादीतही नंबर आहेत ना?' होते. यादीतला क्रमांक आणि झोळीवरचा क्रमांक एकच. तेवढ्यावरून कितीतरी खलाशांची ओळख पटायला सुरुवात झाली. त्या संध्याकाळनंतर काका रोज जेवण झालं की येऊ लागले. येताना स्वतःची एक वही आणत, रकाने आखलेली. 'हा पाईप ओढणारा मागच्या दृश्यात कुठे होता?' असं दारातूनच विचारत. यादीत देशाच्या रकान्यात हिंदुस्थान लिहिलेले काही खलाशीही आहेत. ते सापडले तेव्हा काका बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होते. कंपनीच्या जहाजांवर आपली माणसं राबत होती हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी वाचनालयातून कंपनी सरकारच्या काळावरचं पुस्तक आणलं.

हे मी पुन्हा सांगते, कारण तुमच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं आहे. सत्तरीच्या घरातला एक माणूस गेममुळे तुमच्या कपाटापर्यंत आला.

दुसरा गेम 'स्टारड्यू व्हॅली'. २०१६चा. एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने एकट्याने केला, चित्रं, संगीत, सगळं स्वतः. आजवर चार कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. शहरातली कचेरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला आलेल्या माणसाची गोष्ट. नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या. एकेक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. ऋतू संपला की शेतात उभं असलेलं त्या ऋतूचं पीक मरतं.

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. तो मुक्कामाला आला होता तेव्हा मी गेममध्ये द्राक्षं लावत होते. शरद ऋतूत लावायची, दहा दिवसांत फळ, मग दर तीन दिवसांनी तोडणी. मामाने विचारलं, 'छाटणी कुठंय?' छाटणी नाही म्हटल्यावर तो खुर्ची ओढून शेजारी बसला. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही, विरळणी नाही, मणी फुगवायच्या औषधात (जीए) घडांची बुडवणी नाही. पाऊस आला तर पाणी घालायचं वाचतं एवढंच. 'आमच्याकडे फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी येती,' मामा बुरशीच्या रोगाबद्दल म्हणाला, 'आन् हितं मजा येती!' माल पेटीत टाकला की दुसऱ्या सकाळी ठरलेल्या भावाने पैसे हजर. भाव पडत नाही, व्यापारी माल उचलून पसार होत नाही. हे ऐकून मामा गप्पच झाला.

पण तो उठला नाही. गेममध्ये मांडवाच्या वेलीतून चालत जाता येत नाही, आणि मी दाटीवाटीने लावलेल्या वेलींमध्ये मधल्या झाडांपर्यंत पोचताच येत नव्हतं. मामाने सगळं मोडायला लावलं. दोन ओळींमध्ये जागा सोड, पाण्याजवळून सुरुवात कर, कडेला दुसरं पीक घे. रात्री उशिरापर्यंत आम्ही ती बाग आखत होतो. लहानपणापासून मी त्याच्या बागेत जाते, घड खाते, फोटो काढते आणि परत येते. बागेची आखणी का तशी असते हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं, त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याने खरड छाटणीपासून निर्यातीच्या कंटेनरपर्यंत सगळं वर्ष मला सांगितलं.

माझं या गेमबद्दलचं मत मामापेक्षा थोडं मवाळ आहे. तो शेतीचा गेम म्हणून खोटा आहे, पण गावाचा गेम म्हणून खरा आहे. कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवणं, वाढदिवसाला घरी जाणं, रोज दोन शब्द बोलणं, यातून माणसं हळूहळू मोकळी होतात आणि मग त्यांची दुखणी कळतात. हे फार हळुवारपणे केलं आहे. तरीही मामाच्या प्रश्नाने माझ्या डोक्यात घर केलं आहे. नाशिकच्या कुणा मुलाने किंवा मुलीने द्राक्षबागेचा खरा गेम करायला हवा. त्यात कर्ज असेल, अवकाळी असेल, औषधाची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस राखायचे याचा हिशेब असेल, रात्री दोनला ढग बघायला अंगणात येणारा माणूस असेल. इथे अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत, प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं शेकड्यांनी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं घर निफाड, दिंडोरी, चांदवडकडेच आहे. त्यांना कमी पडतं ते इतकंच, की गेम हा अशा गोष्टीचाही असू शकतो हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही. ग्रंथालयाचं काम यापेक्षा वेगळं काय असतं?

'वेंबा' हा गेम लहान आहे, एका बैठकीत संपतो. कॅनडात टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३मध्ये केला आणि पुढच्या वर्षी त्याला पदार्पणातल्या गेमसाठीचा बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. तमिळ जोडपं ऐंशीच्या दशकात कॅनडात येतं, मुलगा होतो, मुलगा मोठा होता होता आईच्या भाषेपासून लांब जातो. खेळायचं म्हणजे स्वयंपाक करायचा. आईच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली आहे, आणि पुसलेल्या पायऱ्या आपण शोधून काढायच्या. पहिलाच पदार्थ इडली. मी पात्रातल्या थाळ्या एकावर एक सरळ ठेवल्या आणि इडल्या बिघडल्या. भाजी निवडत बसलेली माझी आई म्हणाली, 'अगं, एकाआड एक फिरव. खाच्यावर खाचा आला तर इडली फुगणार कुठे?' तेच उत्तर होतं. मग आईने उरलेला गेम सगळा पाहिला. एका भागात मुलगा मोठा झालेला असतो आणि त्याला आजीच्या वहीतली तमिळ अक्षरं धड वाचता येत नाहीत. पायऱ्या अर्धवट कळतात, हात अडखळतात. आई तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला माझ्या भावाला फोन केला आणि नातीला मराठीत गोष्टी वाचून दाखवतोस का, असं विचारलं.

या गेमबद्दल माझी तक्रार एकच आहे, तो फार लवकर संपतो. नवऱ्याच्या पात्राला अजून जागा द्यायला हवी होती.

'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' हा २०१३चा. योसेफ फारेस या दिग्दर्शकाचा, जो आधी चित्रपट करायचा. दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषधाचं पाणी आणायला निघतात. कंट्रोलरची डावी दांडी थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. म्हणजे एकाच माणसाचे दोन हात दोन भाऊ होतात. सुरुवातीला मेंदूचा गोंधळ उडतो, दोघे भिंतीवर आपटतात. तासाभरात हात शिकतात. धाकटा पाण्याला घाबरतो, थोरल्याच्या पाठीला धरून पोहतो, त्यासाठी उजव्या हाताचं बटण दाबून ठेवावं लागतं. सातवीतला माझा भाचा हा गेम खेळत होता आणि मी बघत होते. पुढे एका ठिकाणी एका हाताला काम उरत नाही. त्यानंतर एक नदी येते. काय करायचं ते पडद्यावर लिहून येत नाही, पण हाताला आठवतं. भाचा थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि योग्य ते बटण दाबलं. तो रडत होता. पुस्तक वाचून मी पुष्कळदा रडले आहे, नाटक पाहून रडले आहे. पण हा अनुभव बोटातून येतो, तो शब्दांतून किंवा रंगमंचावरून असा देताच येणार नाही. या गेममधली माणसं एक बनवलेली भाषा बोलतात, जी जगात कोणालाच येत नाही. त्यामुळे मराठी माध्यमाचं मूल आणि इंग्रजी माध्यमाचं मूल दोघंही त्यापुढे सारखीच.

भाषेवरून आठवलं, 'चँट्स ऑफ सेनार' तर वाचनालयासाठीच केला आहे असं वाटतं. फ्रान्सच्या रनडिस्क या छोट्या चमूचा, २०२३चा. एका उंच मनोऱ्यात वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळे समाज राहतात आणि त्यांना एकमेकांची भाषा कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. पाट्या, भिंतीवरची चित्रं, लोकांचे हावभाव बघून एकेका चिन्हाचा अर्थ वहीत लिहायचा. अंदाज चुकला की पुढचं वाक्य विचित्र लागतं आणि मागे जाऊन खोडावं लागतं. मोडी वाचायला शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तो दाखवला तर म्हणाली, 'आमच्या वर्गात अगदी हेच चालतं.' काही ठिकाणी पहारेकऱ्यांपासून लपत जायचे प्रसंग घातलेत, ते नसते तरी चाललं असतं.

आपल्याकडच्या 'राजी'बद्दल लिहिलं नाही तर ते बरोबर होणार नाही. 'राजी : अन एन्शंट एपिक' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला आणि २०२०मध्ये आणला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणारी डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून सांगितलेत, निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. भिंतींवरची चित्रं बघायला मी कितीतरी वेळा लढाई सोडून थांबले. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आले. पण लढाया लवकर एकसुरी होतात आणि गोष्ट ऐन भरात तुटते. आपल्या माणसांनी केलाय म्हणून मी हे लपवणार नाही. नाशिकमधल्या नाटकाला आपण प्रयोगानंतर स्पष्ट सांगतो ना, दुसरा अंक पडला म्हणून? तसंच गेमला सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पुढचा गेम चांगला होणार नाही. आणि असं सांगायला मराठीत जागाच नाही, म्हणून तर हे पत्र.

काही गेम मला फार आवडले तरी वाचनालयासाठी मी सुचवणार नाही. 'क्लेर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३' हा २०२५चा फ्रेंच गेम, मोंपेलिएच्या सँडफॉलचा. दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या आणि धूर होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरत जातो. सुरुवातीचा बंदरावरचा निरोप मी कधी विसरणार नाही. पण त्याला महागडं यंत्र लागतं, तो लांबलचक आहे आणि मोठ्यांसाठी आहे. 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५मध्ये आला, सगळं जग सहा वर्षं वाट बघत होतं. सुंदर आहे, पण इतका कठीण की चार माणसांत बसून शिकायचा तो गेमच नाही.

आता अडचणींकडे येते, कारण तुमच्या बैठकीत त्याच आधी निघतील.

भाषा. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गेममध्ये मराठी नाही. यावर मी घरी एक उपाय करून पाहिला आहे. ओब्रा डिन खेळताना संवाद मी काकांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवत होते. आपल्याकडे अभिवाचनाची चांगली परंपरा आहे, वाचनालयांतच ती टिकली आहे. एक जण खेळेल, एक जण मराठीत वाचेल, बाकीचे बघतील आणि वाट सुचवतील. शहरात हौशी नाटकवाल्यांची कमतरता नाही. जहाजाच्या कप्तानाचा आवाज काढायला त्यांच्यातलं कोणीतरी आनंदाने येईल. अशा भाषांतराची टिपणं जपून ठेवली तर पुढे कधी एखाद्या गेमच्या कर्त्याला ती देताही येतील.

आवाज आणि अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात, त्यांना त्रास होता कामा नये. म्हणून रविवारची दुपार, आणि वाचनकक्षात नव्हे, कार्यक्रमांच्या सभागृहात. व्याख्यानासाठी जो प्रोजेक्टर वापरता तोच पुरेल.

खर्च. अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना ओढाताण होते, हे सभासद म्हणून मला माहीत आहे. ओब्रा डिन, स्टारड्यू, वेंबा यांना साधा संगणक चालतो. सवलतीच्या काळात असे गेम एखाद्या जाड कादंबरीच्या किमतीत मिळतात. परवानगीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. घरी खेळायला घेतलेला गेम सार्वजनिक कार्यक्रमात दाखवायचा तर कर्त्यांना विचारणं योग्य. यातले बहुतेक एकेकट्या माणसांनी किंवा लहान चमूंनी केलेले आहेत, त्यांना पत्र लिहिता येतं. ती पत्रं मी लिहीन, वाचनालयाच्या लेटरहेडवर फक्त सही हवी.

वयोगट सहसा गेमच्या ऑनलाइन विक्रीच्या पानावर दिलेला असतो. निवड तीन-चार सभासदांच्या समितीने करावी आणि त्यात किमान एक शिक्षिका असावी. पुस्तकखरेदीला आपण जसे निकष लावतो तसेच इथेही लावता येतात.

हे कुठे होतं का, असं विचाराल. हेलसिंकीचं ऊदी हे मध्यवर्ती ग्रंथालय डिसेंबर २०१८मध्ये उघडलं, तिथे पुस्तकांबरोबर गेम खेळायच्या खोल्या आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. पण मला दूर जायची गरज वाटत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. सिनेमात काम करणं इतकं कमी प्रतीचं मानलं जात होतं. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे आणि ग्रंथालयांत चित्रपटांवरच्या पुस्तकांचं वेगळं कपाट आहे. या शहराने एक नवी कला अगदी लहान असताना पाहिली आहे.

आणि सार्वजनिक वाचनालयाची परंपरा तर १८४०पासूनची. त्या काळी नाशिकमध्ये वर्तमानपत्रं आणि पुस्तकं लोकांसाठी एका जागी ठेवावीत हेही कोणाला तरी पटवून द्यावं लागलं असेल. गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते, तिथे उकाड्यातही माणसं येऊन बसतात, ऐकतात, घरी जाताना वाद घालतात. ऐकायची आणि वाद घालायची सवय असलेलं हे गाव आहे. गेमवरही ते चांगलंच बोलेल याची मला खात्री आहे.

माझी विनंती अशी, की हा विषय पुढच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावा. आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नये, कारण तोपर्यंत सगळे घरी जायच्या घाईत असतात. पहिल्या दुपारसाठी मी माझा संगणक, दोन कंट्रोलर आणि विकत घेतलेला 'ब्रदर्स' घेऊन येईन. कर्त्यांच्या परवानगीसाठीचं पत्र त्याआधी तयार असेल. भाचा खेळेल. काका त्यांची वही घेऊन येतो म्हणालेत, दुसऱ्या महिन्यात ओब्रा डिन ठेवणार असाल तर. आपल्याकडून सभागृहाची किल्ली, प्रोजेक्टरची तार आणि सूचनाफलकावर चार ओळी लावायची परवानगी हवी आहे. कोणता रविवार मोकळा आहे ते कळवावं, दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाचा सोडून कोणताही चालेल.

आपली नम्र,
एक आजीव सभासद
इंदिरानगर, नाशिक